स्पीकरमधला सूर

"ती मुलगी वाजवत नाहीये," क्लेम म्हणाला.

मी ट्रकच्या पायरीवर बसून एका पोशाखाची चेन बदलत होते. वर पाहिलंही नाही. माझा मोठा भाऊ त्या उन्हाळ्यात सत्त्याहत्तर वर्षांचा होता आणि जूनपासून त्याच्या अशा तक्रारी ऐकून माझे कान किटले होते. ड्रमवाले फार जोरात वाजवतात, झेंडेवाल्या मुली नाचतात फार आणि झेंडे कमी फिरवतात, कोणी सरळ चालतच नाही, सगळे खेकड्यासारखे आडवे पळतात. त्यात ही आणखी एक.

"कोणती मुलगी?" मी विचारलं.

"ती टेक्ससची. मधल्या संथ भागात पुढे येऊन एकटी वाजवते ती."

"येसेनिया? अरे, सगळं स्टेडियम तिचं ऐकायला गप्प होतं."

"हो. आणि सहा दिवस मी रोज तेच ऐकतोय. वरच्या सुराच्या आधी घेतलेला तोच श्वास. तिसऱ्या सुरावर तीच जरा ओलसर घरघर. सहा संध्याकाळी, सहा गावांत, कधी पाऊस पडून गेलेला, कधी धूळ. माणूस असं वाजवत नाही, बर्नी."

"सराव करतात मुलं. दिवसाला बारा तास."

"मीसुद्धा केलाय सराव," तो म्हणाला आणि बटाटे सोलायला निघून गेला.

आमचं गाव पोर्ट ओस्टर, मिशिगन सरोवराच्या काठी, विस्कॉन्सिनात. गावाचं ड्रम कोअर, म्हणजे बिगुल आणि ड्रम वाजवत मैदानात कवायत करणारा संघ, 'आयर्न गल्स'. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या माणसांनी त्यांच्या क्लबात ते सुरू केलं तेव्हा त्यात गावचीच साठ पोरं होती, चर्चच्या तळघरात सराव व्हायचा आणि एकाच कळीची बिगुलं असायची. आता दीडशे मुलं देशभरातून परीक्षा देऊन येतात. गावची त्यांत चार. बिगुलाला तीन कळा आल्या आणि मुलं त्याला बिगुल म्हणेनाशी झाली, पण माझ्या तोंडी अजून तोच शब्द आहे. उन्हाळाभर ही मुलं बसमधून एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, दिवसभर उन्हात चालतात आणि संध्याकाळी स्पर्धेत उतरतात. मी तेवीस वर्षं त्यांच्या पोशाखाचं काम पाहत होते. आधी लोकरीचे डगले होते, दुहेरी बटणांचे, त्यावर पिसांचा तुरा लावलेली उंच टोपी. ते शिवताना हाताला घट्टे पडायचे. आता अंगाला चिकटणारं ताणाचं कापड, दरवर्षी नवं चित्र छापलेलं. त्याला शिवण कमी आणि चेन फार.

क्लेमची बायको वारली त्या वर्षीपासून मी त्याला उन्हाळ्यात बरोबर न्यायला लागले. स्वयंपाकाच्या ट्रकवर तो मदत करायचा. पण तो मूळचा परीक्षक. जुन्या पद्धतीचा.

त्या पद्धतीत परीक्षक मैदानात रांगांमधून मुलांच्या बरोबर चालायचे, हातात पाटी आणि पेन्सिल. कुणाचा पाय चुकला, एक टिक. कुणाचा सूर फाटला, एक टिक. प्रत्येक टिकेला एक दशांश गुण कमी. शंभरातून कमी होत होत जे उरेल ते तुमचं. चौऱ्याऐंशी साली ती पद्धत गेली. आता स्पर्धा भरवणाऱ्या आमच्या संघटनेत बिगुलाचे परीक्षक वर काचेच्या खोलीत बसतात आणि एकूण परिणामाला गुण देतात. क्लेम म्हणायचा, "एकूण परिणाम म्हणजे काय, हे मला कोणी एका वाक्यात सांगितलं तर मी त्याला बिअर पाजीन." त्याला कोणालाच बिअर पाजावी लागली नाही.

त्याचं कोणी ऐकत नसे याला दुसरंही कारण होतं. शहात्तर साली अंतिम स्पर्धेत नेमलेला परीक्षक आजारी पडला आणि ऐनवेळी क्लेमला मैदानात उतरवलं. आम्ही इलिनॉयच्या एका संघाकडून एक दशांशाने हरलो. एक टिक. ती क्लेमच्या पाटीवरची होती. मी त्या वर्षी आयर्न गल्समध्ये होते, बिगुल घेऊन चालणाऱ्या पहिल्या पाच मुलींपैकी एक. दोन महिन्यांनी क्लेमच्या दारात हिरवी पिकअप उभी राहिली आणि गावाने दोन गोष्टींचा मेळ घातला: पिकअप म्हणजे त्या टिकेची लाच. त्याच्या तोंडावर कोणी काही म्हटलं नाही. शुक्रवारी क्लबातल्या मासळीच्या जेवणाला, फिश फ्रायला, तो टेबलाशी आला की खुर्च्या जरा सरकायच्या, एवढंच. आणि खरं सांगायचं तर माझीही सरकायची. मी त्याला कधी विचारलं नाही.

तर तो असं काही बोलला की मी सोडून द्यायचे. हेही सोडून दिलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी येसेनिया चेन बघायला आली.

येसेनिया कार्देनास एकवीस वर्षांची होती. ड्रम कोअरमध्ये एकवीस म्हणजे शेवटचं वर्ष, त्यानंतर कोणालाही चालता येत नाही. बुटकी, रुंद खांद्यांची, बोलायला कमी. ती पोशाख चढवून माझ्यासमोर उभी राहिली आणि मी पाठीवर टाचण्या लावत असताना म्हणाली, "मिस बर्नी, तुम्ही शोला पुढेच असता ना? स्पीकरच्या बाजूला?"

"हो. कोणाचं काही उसवलं तर धावायला."

"मी कशी ऐकू येते?"

"छान येतेस. का गं?"

"काल वरचा सूर फुटला माझा."

"नाही फुटला."

"फुटला, मिस बर्नी."

"अगं, मी तिथेच होते. काचेसारखा स्वच्छ आला."

ती वळली. टाचणी तिच्या पाठीत घुसली असणार, पण ती हलली नाही. मी तिची समजूत काढायला खोटं बोलतेय, असं तिला वाटत होतं. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं आणि मला त्याचा राग आला.

"तुझ्या ओठाला काय झालंय?" मी विचारलं. खालच्या ओठाच्या मधोमध एक पांढुरकी रेघ होती.

"जूनमध्ये फाटला होता. बरा झालाय. म्हणजे, बराचसा." मग ती म्हणाली, "मला मैदानात काहीच कळत नाही. स्पीकरची तोंडं लोकांकडे असतात. माझ्या कानात फक्त मागचे ड्रम येतात. लोक टाळ्या वाजवतात म्हणजे बरं झालं असेल, एवढंच."

ती गेली आणि मी चेन शिवायला घेतली. तिने सूर फुटलेला ओठांवर अनुभवला होता. मी तो न फुटलेला कानांनी ऐकला होता. दोघींपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं.

मी जाऊन क्लेमला सांगितलं. त्याने चाकू खाली ठेवला, हात पुसले आणि स्वयंपाकाच्या ट्रकच्या भिंतीवर जेवणाची यादी लावायची पाटी असते ती काढली.

"उद्या सकाळी पूर्ण शो वाजवणार आहेत, स्पीकर लावून," तो म्हणाला. "तू वर जाऊन बस, परीक्षक बसतात तितकं वर. वरचा सूर आला की लिही, स्वच्छ की फुटका. मी खाली जातो."

"खाली म्हणजे कुठे?"

"जिथे मी चौदा वर्षं उभा राहिलो तिथे."

"ते तुला मैदानात येऊ देणार नाहीत."

"हाकलतील तेव्हा बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही इंडियानातल्या एका शाळेच्या मैदानावर होतो. नऊ वाजताच ऊन भाजत होतं. मी पत्र्याच्या बाकांवर अगदी वर जाऊन बसले. खाली मुलं चालू लागली, ताल देणाऱ्या टक-टक यंत्राचा आवाज सगळीकडून येत होता. आणि त्या पळणाऱ्या रांगांमधून माझा भाऊ चालत होता, डोक्यावर बियाणांच्या कंपनीची टोपी, हातात पाटी. मला वाटलं होतं त्याला धक्का लागून तो पडेल. पण त्याला अजून कळत होतं की रांग कुठून येणार आणि कुठे वळणार. तो बरोबर वेळेला एक पाऊल मागे घ्यायचा आणि मुलं त्याच्या पुढून निघून जायची.

शिक्षक सराव बघतात त्या मनोऱ्यावरून कोणीतरी माइकवर म्हणालं, "सर, कृपया मैदानाबाहेर या." क्लेमने हात वर केला, ऐकलं अशा अर्थी, आणि तिथेच राहिला.

संथ भाग आला. येसेनिया पुढे आली. क्लेम तिच्यापासून हातभर अंतरावर, जरा बाजूला उभा राहिला, मान खाली घालून. तो श्वास आला, ती ओलसर घरघर आली, मग वरचा सूर. स्वच्छ. मी लिहिलं, स्वच्छ. दुपारी पुन्हा एकदा वाजवलं, मी पुन्हा लिहिलं, स्वच्छ.

मग आम्ही ट्रकमागे सावलीत भेटलो. त्याच्या पाटीवर दोन टिका होत्या.

"दोन्ही वेळा फुटला," तो म्हणाला. "सकाळी सुरुवातीलाच, दुपारी टिकवताना."

मी माझा कागद दाखवला. तो हसला नाही, मी म्हटलं नव्हतं का, असंही म्हणाला नाही. मीच म्हणाले, "तुझं वय सत्त्याहत्तर आहे, क्लेम. तुला नीट ऐकू आलं कशावरून?"

"तिच्या पुढ्यात उभा होतो म्हणून."

"शहात्तरलाही पुढ्यातच होतास."

ते तोंडातून निघून गेलं. एवढी वर्षं आत राहिलेलं आणि असं बटाट्यांच्या पोत्यांशेजारी निघालं.

"म्हणजे तुलाही तसंच वाटतं," तो म्हणाला.

"पिकअप कुठून आली होती?"

"आल्बिनमामाची, त्याच्या गावची. तू कधी पाहिली नव्हतीस. त्याला दिसेनासं झालं होतं. पोलीस पुन्हा पकडतील म्हणून मामीने किल्ल्या माझ्याकडे दिल्या. मामाला वाटत होतं पिकअप चोरीला गेली. म्हणून मी बोललो नाही."

"आणि टिक?"

"तिसऱ्या रांगेतला डावीकडून दुसरा. बिगुल बाकीच्यांच्या आधी खाली आणलं. दिसलं, लिहिलं."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू विचारलंस कधी?"

एकेचाळीस वर्षं झाली होती. आल्बिनमामा आणि मामी दोघंही गेले होते, म्हणजे खरंखोटं करायला कोणी नव्हतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. पण ते ठरवावं लागलं, आपोआप झालं नाही, हे मी लपवणार नाही.

मग मी डेव्हिनला गाठलं. तो आवाजाची गाडी सांभाळायचा, मैदानाच्या कडेला चाकांवर असते ती, कळफलक आणि बटणं आणि वायरींची जाळी. तिशीचा माणूस, हिवाळ्यात शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. मी म्हटलं, "डेव्हिन, येसेनियाचा माइक चालू असतो का?"

त्याच्या मानेपासून लाली चढत गेली ती कपाळापर्यंत. "मला विचारू नका, मिस बर्नी."

"म्हणजे नसतो."

"एक आठवडा म्हणाले होते," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिचा ओठ फाटला तेव्हा. आमच्याकडे मे महिन्यातलं तिचं ध्वनिमुद्रण होतं, सराव शिबिरातलं. उत्तम होतं. मी नुसतं बटण दाबायचं, ती पुढे आली की. मग आमचे गुण वाढायला लागले. मग कोणी थांबवलं नाही."

"तिला माहीत आहे?"

त्याने नुसती मान हलवली, नाही अशी.

संघटनेचा नियम आमच्या ट्रकच्या दारावरच चिकटवलेला होता. यंत्राने पाऊस वाजवा, वीज वाजवा, घंटा वाजवा, पण मुलांच्या वाद्यांचे सूर मुलांनीच त्या क्षणी वाजवायचे. मी ट्रेंट हॉलोवेलकडे गेले. तो संचालक होता, चार वर्षांपूर्वी बाहेरून आणलेला, आणि त्यानेच बाराव्या क्रमांकावरचा संघ तिसऱ्यावर आणला होता. तो माणूस वाईट नव्हता. मुलं आजारी पडली की रात्रभर जागायचा. त्यामुळेच मला त्याच्याशी बोलणं अवघड गेलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि नाकारलं नाही.

"तिचाच सूर आहे तो," तो म्हणाला. "तिचाच श्वास, तिचंच वाद्य. मी दुसऱ्या कोणाचं वाजवत नाही. अठ्ठावीस मेची येसेनिया आहे ती, एवढाच फरक."

"मग तिला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर ती कोसळली असती. तिला वाटतंय की ती रोज उत्तम वाजवते. ते वाटण्यातूनच तिचा ओठ बरा होतोय. शनिवारी अंतिम स्पर्धा आहे, बर्निस. चार दिवस. मग मी स्वतः सांगेन."

"तिला तसं वाटत नाहीये. तिला कळतंय सूर फुटतोय ते. आणि आपण सगळे तिला सांगतोय की फुटत नाही. तिला वाटतंय तिचंच डोकं फिरलंय."

मग त्याने असं काही म्हटलं की माझी उरलीसुरली भीड गेली. "तुमच्या भावाने एकदा या गावाचं पदक घालवलंय. आता दोघं मिळून दुसरं घालवायचंय का?"

क्लेमला संघटनेला फोन करायचा होता, लगेच. मी म्हटलं आधी मुलीला सांगायचं, मग तिने ठरवायचं. आमचं भांडण झालं. शेवटी तो म्हणाला, "शुक्रवारपर्यंत. नंतर मी फोन करणार."

आम्ही तिला बुधवारी सकाळी पोशाखाच्या ट्रकमध्ये बोलावलं. मी सांगितलं, क्लेमने पाटी दाखवली. ती टांगलेल्या पोशाखांच्या मधे उभी होती आणि मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"केव्हापासून?"

"एकोणीस जूनपासून, डेव्हिन म्हणतो."

तिने बोटांवर मोजलं. "अठरा शो." मग ती म्हणाली, "सॅन अँटोनियोला माझे वडील आले होते. सात तास गाडी चालवून. त्यांनी मला याआधी मैदानात कधी ऐकलं नव्हतं. शो झाल्यावर ते गाडीच्या टपावर हात ठेवून रडत होते." ती क्लेमकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "ते कोणाचं ऐकून रडले, सर?"

क्लेमने पाटी खाली केली. ट्रेंट म्हणाला असता, तुझंच. आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागत होतं.

"मी खरी कशी वाजवते?" तिने त्याला विचारलं. "आता. या ओठाने."

"काल संध्याकाळी तू एकटी सराव करत होतीस तेव्हा मी मोजलं. दहातून सहा वेळा सूर धरतेस," तो म्हणाला. "चार वेळा फुटतो. पण मधला भाग मेमधल्यापेक्षा चांगला वाजवतेस. तेव्हा घाई करायचीस. आता थांबतेस."

ती एकटीच ट्रेंटकडे गेली. काय बोलली ते तिने नंतर मला सांगितलं. तिने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, शनिवारी माझा माइक चालू ठेवा. ध्वनिमुद्रण सुरू झालंय असा मला जरा जरी संशय आला तर मी बिगुल खाली घेईन आणि हात बाजूला सोडून उभी राहीन. मग ऐकू दे सगळ्या स्टेडियमला. ट्रेंट म्हणाला, तुला मैदानात ऐकूच येत नाही, तुला संशय येणार कसा? ती म्हणाली, माझा सूर फुटल्यावर लोकांचे चेहरे बघेन.

"मग तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"बघू, म्हणाला."

त्या 'बघू'वर आमचे तीन दिवस गेले. क्लेमने फोन केला नाही, तिने त्याला करू नका म्हटलं म्हणून. पण तो दिवसभर आवाजाच्या गाडीभोवती घुटमळायचा. डेव्हिन त्याला पाहून वायरी गुंडाळायला लागायचा. ट्रेंट माझ्याशी गोड बोलायला लागला होता, आणि तेच मला खटकत होतं. गुरुवारी सरावात संथ भाग आला तेव्हा त्याने तो मधूनच थांबवून मुलांना पाणी प्यायला पाठवलं. शुक्रवारी पुन्हा तसंच. म्हणजे शनिवारी काय होणार हे कोणाला आधी कळूच नये अशी सोय. मुलांना काही माहीत नव्हतं, पण त्यांना वास लागला होता. जेवणाच्या रांगेत मी गेले की बोलणं थांबायचं.

शनिवारी आमची पाळी सातला होती. ऊन कललेलं, स्टेडियम भरलेलं. क्लेम वर बाकांवर बसला होता, त्याला खाली यायची परवानगी नव्हती. मी कमरेला सुई-दोऱ्याची थैली बांधून आवाजाच्या गाडीपासून पाच पावलांवर उभी. येसेनियाचे वडील तिसऱ्या ओळीत होते, पुन्हा आलेले, या वेळी विमानाने.

ट्रेंट डेव्हिनच्या मागे उभा राहिला. एरवी तो मनोऱ्यावर असायचा. त्याचा हात डेव्हिनच्या खांद्यावर होता.

शो सुरू झाला. मुलं जीव तोडून धावत होती. मी एकही रांग पाहिली नाही. मी डेव्हिनचा उजवा हात पाहत होते. तो कळफलकावरून फिरत होता, गडगडाट वाजवत होता, घंटा वाजवत होता. मग संथ भाग आला. येसेनिया पुढे आली, माइकसमोर थांबली. डेव्हिनचा हात उचलला गेला. ट्रेंट खाली वाकून त्याच्या कानात काही बोलला.

काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. डेव्हिनने अजूनही सांगितलेलं नाही. मी एवढंच पाहिलं की त्याने दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घातले.

श्वास आला तो वेगळा होता. लांब. तिने सुरुवातीला इतका वेळ घेतला की मागच्या ड्रमवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या सुरावर घरघर नव्हती. ती कुठेही घाई करत नव्हती. मग वरचा सूर, तो फुटला. अर्धा क्षण, कापड फाटल्यासारखा, आणि तिने तो पुन्हा धरला आणि शेवटपर्यंत नेला. माझ्या शेजारी उभ्या पाण्यावाल्या बाईने चुक् असा आवाज केला. मी तिला मिठी मारली असती.

येसेनियाने समोर पाहिलं. चेहरे पाहिले. बिगुल खाली घेतलं नाही.

आम्ही चौथे आलो. तिसऱ्यापेक्षा पंधरा शतांशांनी कमी. एका सुरामुळे की आणखी कशामुळे, हे आताच्या गुणपद्धतीत कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणून प्रत्येकाला आपल्या मनासारखं सांगता येतं. येसेनियाचे वडील तिला भेटले तेव्हा मी लांबून पाहिलं. ती त्यांना स्पॅनिशमध्ये बराच वेळ काहीतरी सांगत होती आणि ते ऐकत होते. ते रडले नाहीत. त्यांनी तिचा ओठ अंगठ्याने बघितला, लहान मुलाचा बघतात तसा.

ट्रेंटने मला धन्यवाद दिले, हात मिळवला. त्याने गावात काही सांगितलं असं मी म्हणत नाही. पण सप्टेंबरपर्यंत शुक्रवारच्या फिश फ्रायला सगळ्यांना माहीत होतं की आम्ही दोघा पावलाक भावंडांनी ऐन अंतिम स्पर्धेआधी मुलीच्या डोक्यात काहीतरी भरवलं. ध्वनिमुद्रणाबद्दल मात्र कोणाला माहीत नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला. लँबर्ट नावाचा एक म्हातारा, माझ्याबरोबर शहात्तरला चाललेला, म्हणाला, "बर्नी, तुझ्याकडे पुरावा आहे का?" माझ्याकडे जेवणाच्या यादीच्या पाटीवरचा एक कागद होता. मी तो खिशातून काढलाही नाही.

मार्चमध्ये दरवर्षी पोशाखांसाठी फोन यायचा, तो आला नाही. पोशाख आता तयार होऊनच येतात, असं पत्र आलं. ट्रेंट पुढच्या वर्षी मोठ्या संघात गेला. डेव्हिनने आवाजाचं काम सोडलं. येसेनिया तिच्या गावच्या शाळेत बँड शिकवते. तिच्या मुलांच्या फोटोंत ती कडेला उभी असते, अजून तशीच गंभीर. संघटनेला कोणी कळवलं नाही. ती म्हणाली होती, नको, माझ्या वर्षाचा शेवट त्याने व्हायला नको. क्लेमला ते पटलं नव्हतं. त्याने तिचा शब्द मोडला नाही.

आणि मी? मला वाटलं होतं की एकदा खरं कळलं की मन स्वस्थ होईल. गेल्या जुलैत क्लेमला घेऊन शेजारच्या गावी स्पर्धेला गेले. दुसऱ्याच कुठल्यातरी संघातली एक उंच मुलगी पुढे आली आणि तिने इतकं सुरेख वाजवलं की लोक उभे राहिले. मीही उभी राहिले. पण टाळ्या वाजवताना मी तिचे गाल पाहत होते, फुगतात की नाही, आणि त्या नादात तिच्या सुराचा शेवट मी ऐकलाच नाही.

क्लेम बसूनच होता. त्याने माझी बाही ओढली.

"काय वाटतं तुला?" त्याने विचारलं.

"इथून कळत नाही," मी म्हटलं.

"नाही ना," तो म्हणाला. मग त्याने मला हाताला धरून खाली बसवलं, कारण मागची माणसं दिसत नाही म्हणून कुरकुर करायला लागली होती.